किडनीच्या आधी सात दात

नागपूरच्या डॉक्टरांनी आमची जाडजूड फाईल शेवटच्या पानापर्यंत चाळली, मिटली आणि भावाकडे पाहून विचारलं, "यांचे दात कोणाला दाखवले?"

मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्यासमोर बसलो होतो. आठ महिने माझ्या तपासण्या चालल्या होत्या. रक्त झालं, लघवी झाली, हृदयाचा ईसीजी, छातीचा फोटो, पोटाचं स्कॅन, आणि मी हे मनापासून करते आहे की कोणाच्या दबावाखाली, हे पाहायला मनाच्या डॉक्टरांशी बोलणंही झालं. माझी एक किडनी भावाला द्यायची होती. ती जुळत होती. माझ्या नवऱ्याने संमतीच्या कागदावर सही केली होती. आता फक्त ऑपरेशनची तारीख मिळायची होती, आणि हे गृहस्थ दातांचं विचारत होते.

"दाताचं काय साहेब," भाऊ म्हणाला, "दात चांगले हायेत."

डॉक्टरांनी खिशातून बॅटरी काढली आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं. आत जेमतेम पाच सेकंद पाहिलं असेल. बॅटरी विझवून ते माझ्याकडे वळले. "नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आम्ही जन्मभराची औषधं देतो. त्या औषधांनी माणसाची रोगाशी लढायची ताकद कमी होते. तेव्हा एखाद्या दाताच्या मुळाशी पू दडून बसलेला असला तर तो रक्तात पसरतो. किडनी जाते, कधी माणूसही जातो. आधी हे तोंड साफ करून आणा. दातांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. मग तारखेचं बोलू."

"हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर," मी म्हणाले.

त्यांनी फाईलचं पहिलं पान उलटून माझ्यासमोर धरलं. तपासण्यांची यादी होती आणि तिच्या अगदी खाली, इंग्रजीत, दातांची ओळ होती. मी शिक्षिका आहे. चाळीस मुलांच्या वह्यांतल्या काना-मात्रा मी बरोबर पकडते. ही एक ओळ मात्र मी वाचली नव्हती. त्यामुळे रागवायलाही कोणी उरलं नाही. वाशिमपर्यंतच्या बसमध्ये मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि तो मजेत खिडकीबाहेर बघत खट्टी गोळी चघळत बसला होता.

त्या गोळ्यांचं सांगितलं पाहिजे, कारण अर्धं नुकसान त्यांनीच केलं.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला बाई म्हणतो. तो इंझोरीला आमची शेती करतो, सोयाबीन आणि तूर. मी वाशिमला नोकरीला. वयाच्या चाळिशीत त्याचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, गोळी सुरू केली होती, आणि बरं वाटतंय म्हणून याने ती परस्पर बंद करून टाकली. दोन वर्षांनी पाय सुजले, श्वास लागला, तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी वाशिमला डायलिसिस. आदल्या दिवशी तो माझ्याकडे मुक्कामाला यायचा, चार तास मशीनवर पडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी गावी जायचा. असं तीन वर्षं चाललं होतं.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. दिवसाला एक लिटर, आणि त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्यांबरोबरचा घोट आला. एप्रिलमध्ये वाशिममध्ये हे पाळून दाखवावं कोणी. त्याच्या तोंडाला सदाची कोरड. डायलिसिस सेंटरमधल्या एका नर्सने चांगल्या हेतूने सांगितलं की एखादी आंबट गोळी तोंडात ठेवत जा, लाळ सुटते, तहान मारली जाते. तिने "एखादी" म्हटलं होतं. भावाने ते "अखंड" असं ऐकलं. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कागद चुरगाळल्याचा आवाज येत राहायचा. त्यातच हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर याने ब्रश करणंच सोडलं.

"घासलं का रक्त येते," तो म्हणायचा. "मंग कायले घासू?"

जिभेवर सारखी लोखंडासारखी चव, श्वासाला एक उग्र, गोठ्यासारखा वास. माझी मुलगी मामाजवळ बसली की हळूच तोंड फिरवायची. मी हे सगळं पाहत होते आणि मनात म्हणत होते, किडनीचंच आहे, किडनी बदलली की जाईल. दातांचा वेगळा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

नागपूरहून आल्यावर मी पहिलं काम केलं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार जैन गृहस्थ, आमचा वीस वर्षांचा परिचय. मी सांगितलं, माझ्या भावाला गोळ्या द्यायच्या नाहीत.

"ताई, आमच्या घरी चातुर्मासात बायका आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढतात," ते म्हणाले. "ह्या माणसाला तर पाणीच बंद आहे. गोळीसुद्धा काढून घेऊ?"

"त्याचे दात गेले हो."

दुसऱ्या दिवशी बरणी आतल्या फळीवर गेली. भावाने बसस्टँडवरून घ्यायला सुरुवात केली.

दातांच्या दवाखान्यांचं काय सांगू. पहिला दवाखाना चकचकीत, खुर्ची नवी, भिंतीवर हसणाऱ्या मुलीचा फोटो. डॉक्टरांनी डायलिसिस हा शब्द ऐकला आणि हातमोजे काढून टाकले. "नाही मॅडम, आम्ही हात लावत नाही. रक्त थांबलं नाही तर मी काय करू? नागपूरलाच करून घ्या." नागपूरवाल्यांनी सांगितलं होतं, एवढ्यासाठी इथे खेटे घालू नका, गावातच करा.

दुसऱ्या डॉक्टरांची तयारी होती, पण वार जुळेना. डायलिसिस करताना मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध देतात, म्हणून त्या दिवशी दात काढता येत नाही. दुसरा दिवस चांगला. म्हणजे आमच्यासाठी मंगळवार किंवा शुक्रवार. हे डॉक्टर मंगळवारी दवाखाना बंद ठेवायचे आणि शुक्रवारी रिसोडला जायचे.

"सोमवारी या ना," ते म्हणाले.

"सोमवारी तो मशीनवर असतो."

"मग गुरुवारी?"

मी त्यांना नमस्कार केला आणि खाली उतरले.

तिसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने भावाला आधी खुर्चीत न बसवता साध्या स्टुलावर बसवलं, सगळ्या गोळ्यांची नावं लिहून घेतली, आणि बी.पी. मोजायला तिच्या मदतनीस मुलीने त्याचा डावा हात धरला तेव्हा ती जागची उठली. डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली होती, पट्टा आवळला तर ती बंद पडू शकते. "या हाताला पट्टा बांधायचा नाही," तिने मुलीला सांगितलं आणि भावाला म्हणाली, "तुम्ही स्वतःहून सांगत जा. कोणालाही बांधू देऊ नका." मला हायसं वाटलं. मग ती म्हणाली, "मला किडनीच्या डॉक्टरांचं पत्र लागेल."

किडनीचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी शनिवारी सेंटरला यायचे. मी शाळा सुटल्यावर धावत गेले. त्यांनी चिठ्ठीवर एका ओळीत लिहिलं, दात काढायला हरकत नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "हे मला पण माहीत आहे. अँटिबायोटिक कोणतं आणि किती देऊ? हिमोग्लोबिन किती आहे? आदल्या दिवशी ते रक्त पातळ करायचं औषध न देता डायलिसिस होईल का? हे लिहून हवं."

परत पंधरा दिवस. किडनीचे डॉक्टर म्हणाले, "एवढं त्यांना कळत नाही का?" तिकडे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं लिहायला त्यांना वेळ नाही का?" सेंटर आणि तिचा दवाखाना चालत पाच मिनिटांच्या अंतरावर. दोघांच्या हातात मोबाईल. पण बोलायचं मी. शेवटी मी वहीचं पान फाडलं, प्रश्न एकाखाली एक लिहिले, प्रत्येकापुढे रेघ ओढली आणि ते पुढच्या खेपेला आले त्या शनिवारी ते पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"साहेब, रिकाम्या जागा भरा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी पेन काढलं आणि मुकाट्याने सगळ्या जागा भरल्या. खाली सहीसुद्धा केली.

मग एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरून मला समजावलं. किडनी गेली की शरीरातला चुना आणि फॉस्फरस यांचा मेळ बिघडतो, हाडं पोचट होतात. जबडा हेही हाडच. त्यात कोरडं तोंड, त्यात साखरेच्या गोळ्या. सात दात काढावे लागतील. पाच मागचे, दोन वरचे पुढचे.

भाऊ पुढे सरकला. "मागचे काढा," तो म्हणाला. "पुढच्याले हात नाई लावाचा."

तिने चिमट्याने त्याचा पुढचा दात नुसता हलवून दाखवला. कवाडासारखा मागे-पुढे हलत होता. "हा तसाही पडणारच आहे," ती म्हणाली.

"पडन तवा पडन."

त्याच्या या हट्टाला कारण होतं, आणि मला ते माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. आमच्या वडिलांच्या तोंडाचं चाळिशीतच बोळकं झालं होतं. पारावर बसलेली माणसं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची आणि तेही बिचारे हसायचे. भावाला ते फार लागायचं. याचे दात मोत्यासारखे. तरुणपणी मळ्यातल्या विहिरीवर हात पाठीमागे धरून, भरलेल्या बादलीची कडी दातांत पकडून तो उभा राहायचा, आणि बघायला माणसं जमायची. सोड्याची बाटली त्याने कधी ओपनरने उघडली नाही. लग्नात मुलीकडच्यांनी दातांवरूनच त्याला पसंत केलं, असं त्याची बायको अजून सांगते. असा माणूस दोन पुढचे दात सहज देणार नाही, हे मी समजून होते. मला वाटलं, चार दिवस रुसेल, मग ऐकेल.

त्याने ऐकलं नाही. पहिल्या मंगळवारी आम्ही गेलो तर ब्लडप्रेशर इतकं वाढलेलं की डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतून उठवून परत पाठवलं. सकाळची गोळी त्याने घेतली नव्हती. घेतली असं सांगितलं होतं. शुक्रवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर हा पहिल्या बसने इंझोरीला निघून गेलेला. पुढच्या मंगळवारी म्हणे पोहरादेवीला यात्रेची गर्दी, बस भरून चालल्या, जागा मिळाली नाही. यात्रा होती हे खरं, पण आदल्या दिवशी तो वाशिमलाच होता आणि मुक्काम करायचं सोडून दुपारीच गावी पळाला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात शाळेत तपासणी होती, मला रजा मिळाली नाही. तो म्हणाला, बाई, तू नाहीस तर मले भेव वाटते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

मग एके दिवशी गाल सुजला. डोळ्यापर्यंत. ठणका सहन होईना म्हणून याने गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, किडनीच्या माणसाने जन्मात घेऊ नयेत अशा. सोमवारी किडनीच्या डॉक्टरांपर्यंत ते फोनवर गेलं आणि त्यांनी बोलणी दिली ती मला. पेशंट मशीनवर डोळे मिटून पडलेला आणि मी फोन कानाला लावून "हो सर, नाही सर" करत उभी. सुजेवरचं औषध सुरू झालं, ठणका कमी झाला. ठणका कमी झाल्याबरोबर हा परत म्हणाला, आता बरं हाय, राहू दे.

त्या रविवारी मी इंझोरीला गेले.

भाऊ ओट्यावर बसला होता. त्याची बायको अंगणात तूर पाखडत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. शाळेत शिकवताना मी शुद्ध बोलते, पण राग आला की माझी भाषा इंझोरीचीच होते.

"माह्या पोटातली किडनी काढून द्यायले मी तयार हाय," मी म्हणाले, "अन् तुले दोन सडके दात सोडवत नाई? तुले लाज कशी वाटत नाई?"

तो ओट्याचं सारवण नखाने खरवडत राहिला.

"बोल ना."

"काय बोलू बाई. दात गेले का माणूस म्हातारा दिसते."

"अन् मेला का कसा दिसते?"

सूप थांबलं. त्याची बायको म्हणाली, "ताई, दाताचं नाई हाय थे."

"तू चूप राय," भाऊ तिला म्हणाला.

"कायले चूप राहू? दोन महिन्यापासून चूपच हावो. ताई, यायनं तुमच्या घरी भाऊजीचं बोलणं ऐकलं. तवापासून हे असं करून राह्यले."

हळूहळू सगळं बाहेर आलं. एका गुरुवारी डायलिसिसनंतर तो आमच्या बाहेरच्या खोलीत पडला होता. मी शाळेत होते. माझे मिस्टर, ज्यांचं जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं, वाइंडिंगचं दुकान आहे आणि जे दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात, ते दारात उभे राहून त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. त्यांना वाटलं हा झोपलाय. ते म्हणाले होते, शाळेतून आली की हिचेच पाय दुखतात, आणि ही किडनी देऊन राह्यली. उद्या दोघंही बहीण-भाऊ पडले तर मी कोणाकडे पाहू?

"भाऊजी चुकीचं नाई बोलले बाई," भाऊ म्हणाला. "तुही पोरगी लग्नाची हाय. तुले काई झालं तर मी तिच्यासमोर कसा उभा राहू? डॉक्टरनं दाताचं काढलं तवा मले वाटलं, बरं झालं. दाताचं काम जितकं लांबन तितकं लांबू दे. तुले नाई म्हणाची हिंमत नोयती माह्यात."

"अन् तू? असा किती दिवस राहशीन मशीनवर?"

"जितके जातीन तितके."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. नाही आलं. मला इतका संताप आला की मी पायरीवर बसले. दोन महिने मी पत्रं, चिठ्ठ्या, एक्स-रे घेऊन उन्हातान्हात हिंडले होते. शाळेतल्या रजा घातल्या होत्या. डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती. आणि या दोन पुरुषांनी माझ्या किडनीचा निकाल आपापल्या मनात लावून टाकला होता. एक दारात उभा राहून, दुसरा डोळे मिटून.

"मले कोणी विचारलं?" मी म्हणाले. "किडनी माही, अन् इचार तुमचे. मले भेव वाटते का नाई, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं?"

"वाटते का?" त्याने विचारलं.

"वाटते. तरी देतो म्हणलं ना मी."

 त्याच्या बायकोने चहा आणला. त्याच्या कपात दोन घोट, मोजलेले.

घरी आल्यावर मी मिस्टरांना विचारलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "बोललो होतो," ते म्हणाले. "भीती वाटली म्हणून बोललो."

"मग सही कशाला केली?"

"सही केली म्हणजे भीती जाते का?"

 मी सांगितलं की भावाने ते ऐकलं आणि त्यामुळे तो दात काढू देत नाही, तेव्हा मिस्टरांचा चेहरा पडला. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मंगळवारी मी नेतो त्याला."

मंगळवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं. आदल्या दिवशीचं डायलिसिस रक्त पातळ करायच्या औषधाशिवाय झालं होतं. सकाळी त्यांनी भावाच्या हातावर ब्लडप्रेशरची गोळी ठेवली आणि तो ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले. दवाखान्याच्या बाकावर एका बाजूला ते, मध्ये भाऊ, पलीकडे मी.  डॉक्टरीणबाईंनी नाव पुकारलं तेव्हा मिस्टर त्याला म्हणाले, "हे पाह्य, मी भ्यालो होतो. नको म्हणलो नव्हतो. माह्या भीतीपायी तू मरून राह्यला, हे मले नाई चालत." त्यांच्या दिवसाच्या वीस वाक्यांपैकी ही तीन असावीत.

भाऊ उठून आत गेला.

त्या दिवशी मागचे दोन काढले. मागचे म्हणजे सोपे, असं मला वाटलं होतं. दात निघाले पण रक्त थांबेना. कापसाचा बोळा दाबून धरायचा, बदलायचा, परत धरायचा. तिने औषधात भिजवलेला बोळा ठेवला, टाके घातले, आणि आम्हाला दीड तास तिथेच बसवून ठेवलं. भाऊ माझा हात धरून बसला होता. तोंडात बोळा असल्याने बोलता येत नव्हतं, त्यामुळे निदान तक्रारीही नव्हत्या. मिस्टर दर दहा मिनिटांनी उठून आत जायचे आणि विचारायचे, आता पाहता का. शेवटी डॉक्टरीणबाई हात जोडून म्हणाल्या, "काका, मीच येते ना बाहेर."

असे चार मंगळवार गेले. पुढचे दोन शेवटच्या मंगळवारी. त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर त्याने आरसा मागितला. तिने छोटा गोल आरसा दिला. त्याने ओठ वर करून एकदा पाहिलं, आरसा परत दिला आणि तोंड उघडलं. त्यानंतर कित्येक दिवस तो तोंडावर रुमाल धरून बोलायचा. सेंटरमध्ये मात्र त्याच्या या रुमालामुळे भलतंच झालं. शेजारच्या बेडवर शिरपूरच्या एक जैन आजी असायच्या. त्यांनी चौकशी केली आणि त्यांनीही स्वतःच्या हलणाऱ्या दाढेची गोष्ट काढली. मग पलीकडच्या बेडवरच्या गृहस्थांनी. तीन वर्षं ही माणसं एकमेकांशेजारी झोपत होती आणि सगळ्यांची तोंडं सडत होती, आणि कोणी कोणाला बोललं नव्हतं, कारण किडनीपुढे दात म्हणजे काय. मला फोन यायला लागले. कोणता वार, कोणता हात, कोणतं पत्र. शेवटी मी ते रिकाम्या जागांचं पान कोरं लिहून काढलं, त्याच्या झेरॉक्स केल्या आणि सेंटरच्या टेबलावर ठेवून दिल्या. त्यातल्या निम्म्यांवर कोणीतरी चहाचे कप ठेवले.

सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी ते पाहिलं, भावाचं तोंड पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "पण ताई, आता तुमचे रिपोर्ट जुने झाले. ते परत करावे लागतील."

मी हसले. दुसरं काय करणार होते.

परत सगळं झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. माझं आठ-दहा दिवस दुखलं, खोकताना जास्त. भावाला नव्या किडनीने त्याच दिवशी लघवी सुरू झाली, आणि त्याच्या बायकोने ती पिशवी पाहून असा चेहरा केला की नर्सही हसली. मिस्टर दोन वॉर्डांच्या मधल्या जिन्यावर बसून राहायचे. वर गेलं की मी, खाली आलं की तो.

हे संपलं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. आता नव्या औषधांनी हिरड्या सुजतात, वाढून दातांवर येतात. दर तीन महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन साफ करून घ्यायचं असतं. मी कॅलेंडरवर खूण करते, आठवण देते, आणि तो दर वेळी सोयाबीनची पेरणी, तुरीची फवारणी, गाय व्याली, काहीतरी सांगतो. पुढच्या दोन दातांच्या जागी त्याला काढता-घालता येणारे दात करून दिले. ते त्याला आवडत नाहीत. फार पांढरे हायेत, म्हणतो, दुसऱ्याचे घातल्यावानी वाटते.

मागच्या तपासणीला मी त्याला घ्यायला बसस्टँडवर गेले होते. गाडी फलाटाला लागली. मी ऑटोत बसून बघत होते. तो उतरला, बाजूला पाण्याच्या टाकीपाशी गेला, इकडेतिकडे पाहिलं, सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातले दात धुतले आणि तोंडात बसवले. मग ओठ दाबून एकदा नीट केले आणि ऑटोकडे चालत आला.

"दात घालत जातोस ना रोज?" मी विचारलं.

"रोज," तो म्हणाला आणि दात दाखवून हसला.

मी ऑटोवाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला.